मोठं काळीज

दाजी, तुमच्या गावाहून परत आल्यापासून माझी बोटं सारखी माझ्याच मनगटावर जातात. मैदानात मुलं ओळीनं उभी असतात. मी हात वर करायला सांगतो, हात वर होतात, आणि खाली आणा म्हणायचं मी विसरतो. मुलं बिचारी तशीच उभी राहतात आणि मी अंगठ्याच्या मुळाशी नाडी शोधत असतो. काल एका मुलानं विचारलंच, मास्तरसाहेब, ताप आहे का म्हणून.

तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी इथे नांदेडला शाळेतच होतो. आधी आगगाडी, मग मोटार, मग चाकूरपासून मिळेल ती बैलगाडी, असा मी पोचलो तोवर तुमची राख थंड झाली होती. ओसरीवरची माणसं माझ्यासाठी सरकली. मास्तर एवढ्या लांबून धावत आले, असं कुणी तरी म्हणालं. मी मान खाली घातली. धावत आलो हे खरं. पण तुमच्याकडे माझं एक बोलणं राहिलं होतं, ते मी वर्षानुवर्षं पुढच्या सुट्टीवर ढकलत आणलं होतं, आणि ते ऐकणारा माणूस आता त्या घरात नव्हता.

तुमच्या कुस्त्या मी इथे मांडत नाही. त्या सांगायला गावोगाव माणसं आहेत, आणि ती माझ्यापेक्षा चांगली सांगतात. मला जे सांगायचं आहे ते फक्त मलाच ठाऊक आहे.

अक्काला तुमच्या घरी दिली तेव्हा मी शिकत होतो. आमचं घर उमरीकडचं, आम्ही सगळे हडकुळे, आणि मांडवात तुम्ही उभे राहिलात तर मागच्या बायकांना भटजी दिसेनात. मला जवळ ओढून तुम्ही चारचौघांत म्हणालात, "ह्यो आमचा मेव्हणा? ह्याच्या बरगड्या मोजून घ्या रं, वाटंत एखादी पडली आसंल." मी रागावलो होतो. पुढे मी ड्रिल मास्तर झालो तेव्हा तुम्ही अख्ख्या तालमीला सांगितलंत, की मेहुणा कवायत शिकवतो, म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकवतो. तेव्हा मात्र मीही हसलो, कारण तोवर तुमच्या चेष्टेची मला सवय झाली होती, आणि खरं तर मी त्या चेष्टेसाठीच तुमच्याकडे यायचो.

शाळेत माझ्याकडे माणसाच्या शरीराचा एक रंगीत तक्ता होता. कातडी काढलेला एक माणूस, एक हात वर करून उभा, सगळे स्नायू तांबडे. निजामाच्या शाळेत शिकवणं उर्दूतून, तेव्हा मुलं छडीकडे बघत दिल, फेफडे, रीढ की हड्डी असं घोकायची. एका उन्हाळ्यात मी तो तक्ता गुंडाळून तुमच्याकडे आणला. तुम्ही तो तालमीच्या भिंतीला लावलात आणि त्याला सोललेला पैलवान असं नाव ठेवलंत. बराच वेळ त्याला खालीवर बघून तुम्ही निकाल दिलात, "छाती बरी हाय. मांडीत जीव न्हाई." पाणी भरायला निघालेल्या बायका तालमीच्या दारावरून जाताना पदर डोळ्यांवर ओढायच्या. अक्का म्हणाली, तो माणूस आधी खाली उतरवा, नाही तर मी माहेरी जाते.

त्याच उन्हाळ्यात धोबीपछाडीचं ते झालं. समोरच्याला पाठीवर घेऊन, धोबी कपडा आपटतो तसा पुढे आपटायचा, हा तुमचा आवडता डाव. पण तुम्ही उंच. समोरचा बुटका असला की तुम्ही कमरेत वाकून त्याला अंगबळानं उचलायचे, आणि घरी येऊन अक्काकडून पाठ शेकून घ्यायचे. मी दोन दिवस बघत होतो. मग म्हणालो, दाजी, सगळं ओझं तुम्ही मणक्यांवर घेता आहात. कमरेत वाकू नका, गुडघे मोडा. तुमची कंबर त्याच्या कमरेखाली, त्याला अगदी चिकटून गेली पाहिजे. तुम्ही हसलात. हा तक्त्यावरचा पैलवान बोलतोय, म्हणालात.

विहिरीचं काम चालू होतं. मी तिथली पहार आणली. एका धोंड्याखाली पहारेचं टोक घातलं आणि टेकूचा दगड लांब ठेवून तुम्हाला दाबायला सांगितलं. तुमच्याही मानेच्या शिरा फुगल्या, पण धोंडा हलेना. मग मी टेकू धोंड्याला चिकटवला आणि पहारेचं दुसरं टोक, बरगड्या मोजता येणाऱ्या मी, एका हातानं दाबलं. धोंडा हलला. तुमची कंबर म्हणजे हा टेकू, मी म्हणालो. धाकट्या भावाला, सोपानला, हाक मारलीत, तालमीच्या हौद्यात उतरलात, गुडघे मोडलेत, आणि सोपान तांबड्या मातीत कसा पडला हे त्याला स्वतःला कळलं नाही. "अजून एकदा," तुम्ही म्हणालात. दिवेलागणीपर्यंत सोपान पडत होता. शेवटी तो म्हणाला, मास्तर, तुमी नांदेडला जा बरं.

लातूरच्या जत्रेच्या फडात त्या वर्षी तुम्ही त्याच डावावर मोठी कुस्ती मारलीत. लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं, पण तुम्ही उतरलात, गर्दीतून माझ्यापर्यंत आलात, आणि मातीनं भरलेल्या हातानं माझं मनगट धरून माझा हात वर केलात. "ही कुस्ती मास्तरनं मारली." माझ्या आयुष्यात माझा हात तेवढाच एकदा वर झाला, दाजी. त्यानंतर घरात, गावात कुठलीही गोष्ट निघाली की तुम्ही म्हणायचे, मास्तरला इचारा.

पुढचा घात त्या पहारेतच होता असं आता वाटतं. एका बाबतीत खरा ठरलेल्या माणसाला दुसऱ्या बाबतीत कुणी पारखून घेत नाही. आणि तो स्वतःही स्वतःला पारखत नाही.

घामावरून मात्र आपलं कधीच जमलं नाही. तुमच्या तालमीचा नियम, घाम पुसायचा नाही, माती लावून अंगातच जिरवायचा. पुसला तर ताकद पुसली जाते. मी म्हणायचो, घामात ताकद नसते, घाम म्हणजे माठाचं पाझरणं. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तसं अंग. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "मग माठ पुसता व्हय तुमी?" सगळी तालीम हसली. फार नंतर माझ्या लक्षात आलं, की अंगावर वाळणारा घामच अंग गार करतो, पुसलेला नाही. कारण काहीही देत असा, तुमचा नियम बरोबर होता. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. पण हे लहान होतं.

मोठं ते हे.

ड्रिल मास्तरांच्या शिक्षणवर्गासाठी मला हैदराबादला पाठवलं होतं. तिथे एक वयस्क डॉक्टर शरीरशास्त्र शिकवायचे. ते म्हणाले, पैलवानांचं दिल अतिमेहनतीनं फुगतं, नब्ज, म्हणजे नाडी, सुस्त पडते, ही बिमारीची निशाणी आहे. असे लोक उतारवयाआधीच जातात. मी ते पाठ केलं. डोळ्यांसमोर तुम्ही होतात.

परत आलो तेव्हा तुमच्या खांद्याचं हाड मोडलेलं होतं, तिसऱ्यांदा. अक्का चुलीपुढे बसून तुमच्यासाठी हळद कालवत होती. ती माझ्याकडे न बघता बोलली. "मोडून आणल्याला माणूस मी कितीदा जोडू? माझं ऐकत न्हाईत. तुजं ऐकतेत. तू म्हण, बंद करा म्हण."

मी तुमचा हात घेतला आणि घड्याळ काढलं. नाडी मिनिटाला पन्नासही नव्हती. मी घाबरलो, दाजी. हे मात्र खरं माना, तेव्हा मी खोटा नव्हतो. माझी स्वतःची ऐंशीच्या घरात असायची. मी पुन्हा मोजली, तीच. ओसरीवर पाचसात माणसं होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "दाजी, तुमचं काळीज मोठं झालंय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग अक्काकडे, आणि म्हणालात, "काळीज मोठं हाय, ते तुमच्या अक्कालाबी ठावं हाय. त्यो रोग कवापासनं झाला?"

ओसरी हसली. अक्कासुद्धा. मी हसलो नाही, म्हणून हळूहळू सगळे थांबले. मग मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकत होता, मोडलेल्या खांद्याचा हात मांडीवर ठेवून.

"कुस्ती सोडली तर?"

"नाडी ठिकाणावर येईल."

"अन् न्हाई सोडली तर?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. वर्गात एक वाक्य ऐकलं होतं, तेवढंच. ठाऊक नाही असं म्हटलं असतं तर तुम्ही चेष्टा केली असती, हाड जुळल्यावर पुन्हा हौद्यात उतरला असता, आणि कदाचित आज... पण ते असो. मी ठाऊक नाही म्हणालो नाही. मी अक्काकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिच्याकडे बघून मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचा तुम्ही जो अर्थ लावलात तो मी लावू दिला.

हाड जुळलं. तुम्ही मारुतीपुढे लंगोट ठेवलात आणि परत उचलला नाहीत.

तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. शेतात राबायचे, बाजाराला जायचे. पण तालमीच्या वेळेला तुमचे पाय तिकडेच वळायचे. आत उतरायचं नाही, मग दाराशी दगडावर बसायचं. नुसतं बसणं तुम्हाला कुठलं जमायला. मी शिकवलेली विद्या तुम्ही तिथे वापरायला काढलीत. माझ्यासारखं घड्याळ तुमच्याकडे नव्हतं. तुम्ही डाव्या हाताची बोटं स्वतःच्या मानेवर ठेवायचे, उजव्या हातात पोराचं मनगट धरायचे, आणि दोन्ही नाड्या जोडीनं ऐकायचे. पोराची तुमच्यापेक्षा मंद निघाली की त्याला सांगायचे, घरी जा, तुजं काळीज मोठं व्हायलंय.

गाव तुम्हाला मानायचं. पोरं निमूट घरी जायची.

पुढे शाळेतल्या मुलांना तपासायला एक तरुण डॉक्टर आले. माझ्या वर्गात एक पळणारा मुलगा होता. साऱ्या शाळेला मागे टाकायचा आणि धापही लागायची नाही. त्याची नाडी फार मंद होती, म्हणून मी डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, याचं हृदय बिघडलंय असं वाटतं, याला पळण्यातून काढू का? त्यांनी तपासलं आणि मोठ्यानं हसले. म्हणाले, याला काढाल तर पळवाल कुणाला?

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे विहिरीला बैलांची मोट असते ना? लहान मोटेनं थाळण्याचं कुंड भरायला किती खेपा लागतात, आणि मोठ्या मोटेनं किती? मेहनत करणाऱ्याचं हृदय ही मोठी मोट. एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून ठोके कमी लागतात. कामाला जुंपलं की तेच हृदय दुसऱ्याच्या दुप्पट पाणी काढतं. आरामात मंद चालणं ही त्याची कमाई आहे. मी म्हणालो, पण हैदराबादला आम्हाला शिकवलं होतं... ते म्हणाले, जुने लोक तसंच मानायचे, काही अजूनही मानतात. मेहनत सोडून बघा, काही महिन्यांत मोट लहान होते आणि नाडी वाढते. तुम्ही तिला ठिकाणावर आली म्हणाल. ती खाली उतरलेली असते.

दाजी, मोट. तुमचा जन्म बैलांमागे मोटेच्या धावेवर गेला. तुम्हाला हे एका वाक्यात कळलं असतं. माझ्या पहारेपेक्षाही लवकर.

मी सांगायला निघालो होतो, हे मी शपथेवर सांगतो. पुढच्याच सुट्टीत आलो, आणि गाडीत बसून वाक्यसुद्धा जुळवलं होतं: दाजी, माझी चूक झाली, तुमचं काळीज चांगलं आहे. गावात शिरलो तो थेट तालमीत. तुम्ही तुमच्या दगडावर बसला होतात, एक हात मानेवर, दुसऱ्या हातात सोपानचं मनगट. सोपान तेव्हा भरात होता. तुमच्यानंतर त्या गावात त्याच्यासारखा मल्ल झाला नव्हता. तुम्ही डोळे उघडलेत आणि त्याला म्हणालात, "सोपाना, बास. घरी बस आता."

सोपाननं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुमी सांगा. तुमी सांगाल तसं."

वाक्य माझ्या ओठांवर होतं. सगळी तालीम बघत होती. ते तिथे बोललो असतो तर तुम्ही, ज्यांच्या शब्दावर पोरं लंगोट सोडत होती, त्या क्षणी सगळ्यांच्या पुढे वेडे ठरला असता, आणि तुमच्या अगोदर मी. मी म्हणालो, "दाजी सांगतात ते ऐक." एकटे असताना सांगू, असं मनात ठरवलं.

सोपान उठून गेला. मग तुम्ही तुमचाच हात माझ्यापुढे केलात. "माझी बगा." मी घड्याळ काढलं. सत्तरीच्या वर गेली होती. आता मला तिचा अर्थ ठाऊक होता. एवढ्या वर्षांची तुमची कमाई कुठे गेली ते ती नाडी माझ्या बोटाखाली ठोके देऊन सांगत होती.

"आली का ठिकाणावर?"

"आली," मी म्हणालो.

तुमचा चेहरा मी विसरणार नाही. तुम्ही फड जिंकला होता तेव्हासुद्धा एवढे खूश दिसला नव्हता. "जा, अक्काला सांगा," म्हणालात. त्या दिवशी अक्कानं गोड केलं. मला दोनदा वाढलं. मी खाल्लं.

त्यानंतर मी किती तरी वेळा आलो. प्रत्येक वेळी मला एक कारण सापडलं. अक्का सुखात होती. मोडून आणलेला माणूस तिला आता जोडावा लागत नव्हता. तुम्ही सुखात आहात असं मी धरून चालायचो. आणि वय वाढलं आहे, आता सांगून तरी काय उपयोग, असं म्हणायचो. खरं कारण साधं होतं. लातूरच्या फडात तुम्ही माझा हात वर केला होता, तो मला खाली आणायचा नव्हता. आणखी एक गोष्ट मी तुमच्या दगडावर तुमच्याशेजारी बसून बघितली आणि कुणाला बोललो नाही. तुमची नाडी हेच तुमचं घड्याळ होतं, आणि ते घड्याळ दरवर्षी जास्त जोरात चालत होतं. जशी तुमची वाढली तशी जास्त पोरं तुम्हाला मंद वाटू लागली. जी चांगली मेहनत करायची तीच घरी जायची. शेवटी हौद्यात राहिली ती आळशी. तुम्ही एकदा मला म्हणालातही, "मास्तर, काय झालंय कळंना. आजकालच्या चांगल्या चांगल्या पोरांचीच काळजं मोठी निघाल्यात." मी म्हणालो, दिवस बदलले.

आता शेवटचं, जे मी अक्काच्या तोंडून ऐकलं. दहाव्याचा विधी झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि शांतपणे सांगू लागली. करडईच्या काढणीत तुम्हाला ताप भरला. छातीत कळ, श्वास तोकडा. ती म्हणाली, गाडी जुंपू द्या, लातूरच्या दवाखान्यात जाऊ. तुम्ही मनगटावर बोटं ठेवलीत, डोळे मिटून ऐकलंत, आणि तिला म्हणालात, "ही तर घोड्यावानी पळायलीय. मास्तरनं सांगितलंय, मंद झाली तर भ्यायाचं. मग कशाला लातूर?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ताप वाढत होता, नाडी पळत होती, आणि तुम्ही तिला धीर देत होता, की काळीज जोरात हाय. तिसऱ्या दिवशी तुमचं बोलणं तुटायला लागलं तेव्हा सोपाननं कुणाला न विचारता गाडी जुंपली. अर्ध्या वाटेवरून गाडी परत आली.

"तुज्यामुळं शेवटपातूर भीती वाटली न्हाई त्यास्नी," अक्का म्हणाली. ती माझे उपकार मानत होती.

तेराव्याला पंगत उठल्यावर गावातले एक म्हातारे सगळ्यांना म्हणाले, की मास्तरनं आधीच सांगितलं होतं, कुस्ती काळीज खाते; पैलवानानं ऐकलं म्हणून एवढी वर्षं तरी मिळाली. ही तालीम आता बंदच करावी हे बरं. माना हलल्या. सोपान खाली बघत पत्रावळी गोळा करत होता.

मी तिथे बोललो नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. जेव्हा बोललो तेव्हा काय झालं तेही तुम्हाला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आणि सोपान दाराआतल्या ढाळजेत करडई निवडत बसले होते, तिथे दाराशीच मी बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, मोट, सोपानचं मनगट, सत्तरीच्या वरची ती नाडी आणि त्या दिवशीचं गोड. तापात नाडी पळते ती धोक्याची असते, हेही सांगितलं. मोटेचं सांगतानाच सोपानला समजलं. त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं.

अक्का निवडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "बंद करा म्हण, आसं मीच म्हणले व्हते. खोटं बोल म्हणले नव्हते."

"तेव्हा ते खोटं नव्हतं, अक्का."

"अन् मागनं?"

मी सोपानच्या सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मग माज्या पुढ्यात कशाला सांगायलास? ज्याला सांगायचं त्याला सांगितलं न्हाईस." ती उठली, पदरातली करडई झटकली आणि आत गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, एकदाच.

म्हणून हे लिहितो आहे, दाजी. आणि चार लोकांनी वाचावं म्हणून छापायला देतो आहे, कारण माझं चुकीचं वाक्य चार लोकांतच पसरलं होतं. ज्यांना घरी पाठवलं त्या पोरांची नावं मला माहीत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर त्यानं एवढंच समजावं, की त्याचं काळीज चांगलं होतं आणि त्याला घरी बसवणारा माणूस खोटा नव्हता. खोटा होता तो त्या माणसाला शिकवणारा.

निघायच्या दिवशी पहाटे मला फावड्याच्या आवाजानं जाग आली. तालमीतून येत होता. माती बसून गेलेली, घट्ट झालेली, तिच्यावर फावडं आपटत होतं. मी ओसरीवर आलो तर अक्का तिथेच उभी होती, ताकाची घागर घेऊन. तुमच्या हौद्यात दर वर्षी ताक आणि तेल घालून माती मळायचे, ते ताक तिनं कधी हातानं दिलं नव्हतं, तुम्हीच मडक्यातून ओतून न्यायचे. तिनं घागर माझ्या हातात दिली. "माती कोरडी आसंल," एवढंच म्हणाली.

सोपान कमरेइतका आत उभा होता, अंगावर घाम निथळत होता. मी ताक ओतलं. त्यानं फावडं टेकवलं आणि मनगट माझ्यापुढे केलं. बघायची का, म्हणाला. मी नको म्हणालो. तो खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसायला लागला तेव्हा मात्र मी त्याला थांबवलं. पुसू नकोस, म्हटलं, दाजींचा नियम आहे. तो बरोबर आहे.

तुमच्या दगडावर मी थोडा वेळ बसलो. ओसरीवर सगळ्यांसमोर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, सगळे हसले होते, आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. तो रोग कधीपासून झाला, असं तुम्ही विचारलं होतं.

कधीच झाला नव्हता, दाजी.